बेबाकी

मी दहावीत होतो त्या वर्षी आमच्या घरात दोन नादाऱ्या आल्या. एक माझी, दुसरी अब्बांची.

माझी होती फीमाफीची. सरकारी कागदावर तेव्हा ईबीसी हा शब्द रुळला होता, पण आमचे मुख्याध्यापक जुन्या वळणाचे, ते नादारीच म्हणत. वर्गात येऊन त्यांनी सांगितलं, ‘तुझी नादारी मंजूर झाली रे.’ मी धावत घरी गेलो. अब्बा ओट्यावर चहा पीत बसले होते. मी लांबूनच ओरडलो, ‘अब्बा, नादारी मंजूर झाली!’ त्यांचा पेला हातात तसाच राहिला. त्याच आठवड्यात वकिलांनी त्यांची एका अर्जावर सही घेतली होती आणि त्या अर्जालाही नादारीचा अर्जच म्हणत. कोर्टातली गोष्ट शाळेपर्यंत पोचली, असं त्यांना वाटलं. मी फीचं सांगितल्यावर ते हसले. पण ते हसणं मला आवडलं नव्हतं, हे अजून आठवतं.

नादार हा शब्द फारसीतून आलेला. ज्याच्यापाशी काही नाही, तो नादार. तसं पाहिलं तर कर्जाच्या मुलखात आपली मराठी निम्मी फारसी-अरबीच बोलते. कर्ज, हप्ता, जामीन, वसुली, जप्ती, अर्ज, तारीख, वकील. पुढं मी मराठीत कविता लिहू लागलो, तेव्हा लोक कौतुकानं विचारायचे, ‘तुम्हाला इतके मराठी शब्द मिळतात कुठून?’ मी म्हणायचो, ‘अर्धे कोर्टाच्या कागदांवरून.’ त्यांना तो विनोद वाटायचा.

आम्ही पिंजारी. दारव्ह्याला आमचं गादीघर होतं. दादांच्या, म्हणजे आजोबांच्या काळी धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचं आणि लोकांच्या अंगणात बसून त्यांचा कापूस पिंजून द्यायचा. अब्बांनी दुकान थाटलं. मग हौसेनं पिंजण्याचं विजेचं यंत्र घेतलं, एका पतसंस्थेकडून कर्ज काढून. त्या कर्जाला चाचा जामीन राहिले. चाचांची गावाकडं चार एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी. रुई एका व्यापाऱ्याकडून उधार, गाद्यांचं कापड दुसऱ्याकडून. धंद्यात हे चालतंच. लग्नसराईत वसुली व्हायची आणि पावसाळ्यात फेड.

१९८४च्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, दुपारी यंत्रातून ठिणगी उडाली. कापसाच्या दुकानाला एक ठिणगी पुरते. पूर्वी म्हणे ज्याचं दिवाळं निघालं तो व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून. आमच्या दुकानात तो दिवा जरा मोठाच लागला. विमा नव्हता. लोकांच्या तयार गाद्या, उधारीची रुई, सगळं गेलं. देणं निघालं २२ हजारांचं.

अब्बांनी वर्षभर हप्ते देऊन पाहिले. मग एका व्यापाऱ्यानं दावा लावला, हुकूमनामा झाला आणि एका सकाळी बेलीफ दारात आला. हा प्रसंग मी आजवर कवितेत आणला नाही, कारण तो कुणाला खरा वाटणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६०व्या कलमात जप्तीतून वगळलेल्या वस्तू दिल्या आहेत. ऋणकोचे, त्याच्या बायकामुलांचे अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं. धर्माच्या चालीप्रमाणं बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिनाही. आता अंथरूण जप्त करता येत नाही, आणि हे घर गादीवाल्याचं! आगीनंतर उसनंपासनं करून शिवलेल्या आठ गाद्या घरातच रचून ठेवलेल्या. बेलीफ त्यांच्याकडं पाहत राहिला. भला माणूस होता. ‘यातल्या घरच्या कोणत्या आणि दुकानच्या कोणत्या?’ आम्ही घरात सहा माणसं. अम्मीनं एक शब्द न बोलता प्रत्येक मुलाला एकेका गादीवर बसवलं. अब्बांनी मात्र मला उठवलं आणि म्हणाले, ‘साहेब, खरं सांगतो, आम्ही सहाजण तीन गाद्यांवर निजतो. पाच विकायच्या आहेत.’ पंचनाम्यात पाच गाद्या लिहिल्या गेल्या. अम्मी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. धुनकी राहिली, ती अवजार म्हणून. जळकं यंत्र गेलं.

बाजारात लोक सांगायचे, आता तुरुंगात टाकतील. वकीलसाहेबांनी अब्बांना समजावलं, की १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, निकाल दिलेला आहे. पैसे असून जो बुडवतो त्याची गोष्ट वेगळी. पण ज्याच्यापाशी खरोखर नाही, त्याला नुसत्या गरिबीसाठी कैदेत टाकता येत नाही. आणि मग त्यांनी त्या १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्याचं सांगितलं. पाचशे रुपयांपासूनचं कर्ज फेडता येत नसेल, तर माणूस स्वतःहून जिल्हा न्यायालयात जाऊन म्हणू शकतो, मी नादार आहे. आपल्याकडं हात वर करणं म्हणतात ना, ते कायदेशीर रीतीनं. त्यानंतर माणसाची सगळी मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, रिसीव्हर ती विकून घेणेकऱ्यांना वाटून देतो, आणि परवानगीवाचून कुणालाही ऋणकोच्या दारात वसुलीसाठी येता येत नाही.

तारखेला यवतमाळला जायचं. शकुंतला तेव्हा धावत होती, कोळशाच्या इंजिनाची. कापूस वाहून न्यायला घातलेल्या त्या रुळांवरून कापसापायी बुडालेला माणूस कोर्टात जायचा. सुटी असली की मीही सोबत. गाडी इतकी सावकाश, की अब्बा उतरून चालता चालता बोलतील असं वाटायचं. पण ते बोलत नसत.

मार्च १९८६ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या एका कुटुंबाची ती बातमी आली. चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुलं. कर्जापायी. आज १९ मार्चला त्यांच्या आठवणीत लोक अन्नत्याग करतात. तेव्हा ती पेपरातली एक बातमी होती. अब्बांनी माझ्याकडून ती दोनदा वाचून घेतली. बराच वेळानं म्हणाले, ‘उसको वकील नहीं मिला.’ एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांनी एकही तारीख चुकवली नाही.

लोकांना वाटतं, नादार ठरलं की सुटलं. तसं नाही. नादार ठरणं ही सुरुवात असते. त्यानंतर न्यायालय एक मुदत देतं, आणि त्या मुदतीत माणसानं पुन्हा अर्ज करायचा असतो, की मला यातून मोकळं करा. हा दुसरा अर्ज फार थोडे लोक करतात. तो केला नाही तर आधीचा हुकूमही रद्द होऊ शकतो आणि घेणेकरी पुन्हा दारात. मधल्या काळात जे कमवाल त्यावरही रिसीव्हरचा हक्क. निवडणुकीला उभं राहता येत नाही. अब्बा कुठं उभे राहणार होते म्हणा, पण वकीलसाहेबांनी हेही सांगितलं तेव्हा ते जरा दुखावले होते!

दुसऱ्या अर्जाची सुनावणी १९८७ साली झाली. मी मागच्या बाकावर होतो. कायद्यात एक आणेवारी आहे. मालमत्ता विकून घेणेकऱ्यांना रुपयामागं आठ आणे मिळाले नसतील, तर पूर्ण मुक्तता द्यायची नाही. आमचे भरले जेमतेम तीन आणे. रुईच्या व्यापाऱ्याच्या वकिलानं तेवढंच उठून सांगितलं आणि ते बसले. पण त्याच कलमात पुढं एक अपवाद आहे. आठ आणे न भरण्याचं कारण ज्या परिस्थितीत आहे, तिला ऋणको न्यायानं जबाबदार धरता येत नसेल, तर मुक्तता देता येते. म्हणून न्यायाधीशांनी अब्बांना विचारलं, ‘हे कसं झालं, सांगा.’

श्रोतेहो, तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत अब्बांना लोकांनी विचारलं होतं, कधी देता? किती देता? कुठून आणता? कसं झालं, हे कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही घरच्यांनीही नाही. अब्बा दहा-बारा मिनिटं बोलले. यंत्राचा पट्टा, ठिणगी, विहिरीवर तेव्हा रांग होती ते, शेजारच्या सोनारानं टाकलेली घागर, सगळं. टंकलेखकाचे हात थांबले होते. न्यायाधीश मधे बोलले नाहीत.

हुकूम इंग्रजीत होता. परतीच्या गाडीत मी माझ्या बारावीच्या इंग्रजीनं तो लावत बसलो. त्यात लिहिलं होतं, की जे घडलं त्याला अर्जदाराला न्यायानं दोषी धरता येणार नाही. मी ते मराठीत सांगितलं. अब्बांनी विचारलं, ‘जजसाहेबांनी लिहिलंय? सही आहे?’ सही होती. पैशांचं काय झालं, हे त्यांनी दारव्हा येईपर्यंत विचारलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी ते वकीलसाहेबांकडं गेले आणि म्हणाले, मला बेबाकी दाखला पाहिजे. आपल्याकडं सोसायटीचं कर्ज फिटलं की बेबाकी दाखला मिळतो, त्यातला. वकील हसले. ‘अहो, हा त्याच्याहून मोठा कागद आहे.’ अब्बांना ते पटेना. बेबाकी म्हणजे बाकी नसणं. इथं बाकी तर आहे, फक्त ती मागता येत नाही. वकील म्हणाले, ‘बेबाकी नसेल, बेबाक तर झालात!’ उर्दूत बेबाक म्हणजे निर्भय. ऐकायला दोन्ही एकच, आणि देवनागरीत लिहिलं तरी एकच. उर्दूत मात्र अक्षर बदलतं. बाकी नसलेला बेबाक ‘काफ़’नं संपत नाही, ‘क़ाफ़’नं संपतो, निर्भय बेबाक ‘काफ़’नं. शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा फरक.

अब्बांचा हट्ट अगदीच वेडेपणाचा नव्हता. कारण त्या हुकुमानं काही गोष्टी सुटत नाहीत. सरकारी देणं सुटत नाही. फसवणुकीनं केलेलं कर्ज सुटत नाही. बायकोमुलांची पोटगी सुटत नाही. आणि जामीनदार सुटत नाही. पतसंस्थेनं चाचांना धरलं. चाचांनी बैलजोडी विकून ४,८०० रुपये भरले आणि पुढची काही वर्षं दुसऱ्याच्या बैलांची वाट पाहत पेरणी केली. अब्बांनी पुन्हा धुनकी खांद्यावर घेतली, दादांसारखी, आणि दहा-वीस रुपये मिळतील तसे चाचांकडं देत राहिले. कायद्यानं ते देणं उरलं होतं की नाही, यावर वकील वाद घालतील. अब्बांनी विचारलं नाही.

हे सगळं इतकं सांगतो आहे, ते आमच्या घरचं म्हणून नाही. आमचा जिल्हा कर्जासाठी ओळखला जातो, याची आम्हाला आता सवय झाली आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली. दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी. त्यापुढच्यानं पंचाहत्तर टक्के भरायचे, तेव्हा पंचवीस टक्के सूट. आता आमच्याकडचं कोरडवाहू रान म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा हिशेब कळेल. ओलिताच्या पाच एकरांवाला इथल्या दहा एकरांवाल्यापेक्षा श्रीमंत असतो. माझ्या एका वर्गमित्राचे सात एकर होते. दोन एकरांनी तो बाहेर राहिला. पंचाहत्तर टक्के भरायला असते तर थकला कशाला असता? पुढं २०१७ साली राज्याची दीड लाखापर्यंतची माफी झाली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा फुल्यांच्या नावानं दोन लाखांपर्यंतची. त्यात त्याचं नाव आलं. आधार पडताळणीला केंद्रावर गेला, अंगठा लावला, पावती निघाली. पुढं सातबाराच्या इतर हक्कातला बोजाही उतरला. मी अभिनंदन करायला गेलो, तर म्हणाला, ‘झालं ते बरंच झालं. पण कसं वाटतं सांगू? रस्त्यात पडलेलं पाकीट सापडल्यासारखं. मला कोणी काही विचारलंच नाही.’

कर्जमाफी वाईट, असं मी म्हणत नाही. बोजा उतरलेला सातबारा हातात घेऊन रडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण माफी खात्याला मिळते, माणसाला नाही. तारीख, हेक्टर, रकमेची मर्यादा, यात ते खातं बसतं किंवा बसत नाही. कृषी केंद्राची बियाण्याची उधारी, नात्यातले हातउसने, परवाना नसलेला सावकार, हे त्या यादीत नसतात. आणि ‘माफी’ या शब्दात गुन्हा गृहीत धरलेला असतो, हेही आहेच. आमच्या कोर्टात गुन्हा आहे का, हे आधी विचारलं होतं.

शेतकऱ्यांनी सगळ्यांनी नादारीचे अर्ज करावेत, असं सुचवण्याइतका मी भोळा नाही. शेत गेलं तर मग मुक्तता कशासाठी? पण सरकारला सोपा रस्ता सुचला नव्हता असंही नाही. २०१६ साली संसदेनं नादारी व दिवाळखोरी संहिता केली. तिच्यात अगदी गरीब ऋणकोसाठी नव्यानं सुरुवात करण्याची एक सोय लिहिलेली आहे. वर्षाचं उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत, आणि स्वतःच्या मालकीचं घर नको. आमच्याकडं २० हजारांत धड एक बैल येत नाही, आणि कुडाचं का होईना, घर प्रत्येकाला असतं. म्हणजे या दारातून आत जाईल असा माणूस शोधायला पाहिजे. बरं, तो सापडला तरी उपयोग नाही. संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता. बाकी साध्या माणसाला अजून तो अब्बांचा १९२०चाच कायदा.

एक गोष्ट मात्र या निमित्तानं सांगायलाच हवी, कारण ती न कळल्यामुळं आमच्या भागातल्या किती तरी विधवा आणि पोरं उगाच दबून राहतात. माणूस गेला म्हणजे त्याचं कर्ज जात नाही, हे खरं. पण वारसाकडून वसुली होते ती वारशानं जेवढं हातात आलं तेवढ्यातूनच. त्याच्या स्वतःच्या कमाईला, मजुरीला हात लावता येत नाही. हिंदू कुटुंबात मुलानं बापाचं कर्ज फेडणं हे धार्मिक कर्तव्य धरून पूर्वी वसुली होत असे. २००५च्या दुरुस्तीनंतर झालेल्या कर्जांना तो आधारही उरला नाही. आमच्या शरियतीतही क्रम ठरलेला आहे. आधी कफनदफनाचा खर्च, मग कर्ज, मग वारसांचे हिस्से. अर्थात, पोरानं स्वतः जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट निराळी.

आमच्यात आणखी एक रीत आहे. जनाजाच्या नमाजेआधी मुलगा किंवा भाऊ पुढं होऊन मोठ्यानं विचारतो, की मरहूमांकडं कुणाचं घेणं असेल तर माझ्याकडं मागा, नाही तर माफ करा. अब्बा २००३ साली गेले. मी विचारलं. मैदानात रुईचे व्यापारी होते, कापडवाल्यांचा मुलगा होता. कोणी काही बोललं नाही. पहिल्या रांगेत चाचा उभे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

रात्री त्यांनी मला बोलावलं. कोनाड्यातून चाळीस पानी वही काढली. चाचांना लिहिता येत नव्हतं, म्हणून अब्बाच दर वेळी स्वतः त्या वहीत लिहीत आले होते. वीस. दहा. पन्नास, ईदच्या आधीचे. पंधरा. सोळा वर्षांत ३,६५० रुपये झाले होते. बाकी १,१५०. २००३ साली एवढ्यात बैलाची वेसणही आली नसती, असं माझ्या मनात आलं, आणि चाचा काय म्हणतील तेही मला ठाऊक होतं. म्हणतील, जाऊ दे, माफ केलं.

चाचा म्हणाले, ‘अकराशे पन्नास दे.’

मी बघतच राहिलो. ते म्हणाले, ‘तिथं बोललो असतो तर लोकांसमोर तुझ्या बापाची बाकी निघाली असती. आणि माफ म्हटलं असतं, तर हे सोळा वर्षं कशाला लिहीत बसला होता तो?’

माझ्या खिशात चारशे होते. ते दिले. उरलेले दुसऱ्या दिवशी पगाराच्या खात्यातून काढून आणले. चाचांनी मोजून घेतले, चष्मा लावून, दोनदा. मग वही माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, ‘लिही, बेबाक. उर्दूत लिही.’ मी अब्बांच्या अक्षराखाली लिहायला घेतलं आणि शेवटच्या अक्षराशी थांबलो.

‘चाचा, क़ाफ़ की काफ़?’

चाचांना अक्षरं येत नव्हती. ते म्हणाले, ‘तुझ्या बापाला कोणतं लागायचं?’